‘कोणत्या आधाराने?’ : बंदीप्रत्यक्षीकरणाचा हक्क आणि आपण



या स्मृतिव्याख्यानासाठी मोपासारख्या गावी बोलावून आपण माझा जो सन्मान केला, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. विषय ऐकून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. मराठीच्या प्राध्यापकाने संतवाङ्मयावर किंवा कादंबरीवर बोलावे, तुरुंग आणि न्यायालये यांच्याशी त्याचे काय नाते? मी वकील नाही, कायद्याचा अभ्यासकही नाही. मात्र ज्या हक्काविषयी मी आज बोलणार आहे तो हक्क एका लहानशा प्रश्नावर उभा आहे, आणि प्रश्न विचारणे व त्याचे उत्तर मागणे हा मुळात भाषेचाच व्यवहार आहे. ‘या माणसाला तुम्ही कोणत्या आधाराने अडकवून ठेवले आहे?’ हा तो प्रश्न. तो कोणी विचारायचा, कोणाला विचारायचा आणि उत्तर न मिळाल्यास काय व्हायचे, एवढ्याच गोष्टींचा विचार आपण आज करू.

प्रथम शब्द पाहू. ‘हेबियस कॉर्पस’ हे लॅटिन शब्द इंग्रजी कायद्यातून आपल्याकडे आले. त्यांचा शब्दशः अर्थ ‘देह तुझ्यापाशी असू दे’, म्हणजे ‘ज्याला तू अडकवले आहेस त्याला सदेह घेऊन न्यायालयापुढे ये’ असा होतो. मराठीत त्याला कोणी ‘देहोपस्थिती’ म्हणतात, कोणी ‘बंदीप्रत्यक्षीकरण’. दुसरा शब्द उच्चारायला जड असला तरी मला तो अधिक अर्थपूर्ण वाटतो. बंदी हा डोळ्यांआड गेलेला माणूस असतो. त्याला पुन्हा डोळ्यांसमोर आणणे हे या आदेशाचे काम. आपल्या जुन्या न्यायव्यवहारातही प्रत्यक्ष हजेरीला मोल होते. शिवकाळातील ‘महजर’ हा न्यायपत्राचा शब्द आणि रोजच्या बोलण्यातला ‘हजर’ हा शब्द एकाच अरबी धातूपासून आले आहेत. उपस्थितांची नावे लिहून त्यांच्या समक्ष झालेला निवाडा म्हणजे महजर. यावरून बंदीप्रत्यक्षीकरण आपल्याकडे पूर्वीपासून होते असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. परंतु न्याय समक्ष व्हावा, ही भावना आपल्याला परकी नव्हती.

या आदेशाचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे. तो कैद्याला उद्देशून नसतो. ज्याच्या हाती किल्ली आहे त्याला उद्देशून असतो. कैद्याने आपले निर्दोषत्व सिद्ध करावयाचे नसते. ठेवणाऱ्याने आपला अधिकार दाखवावयाचा असतो. तो दाखविता आला नाही तर दार उघडावे लागते.

मराठी मुलखात हा प्रश्न गाजला तो जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी. १८१८ साली पेशवाई बुडाली. त्यानंतर दहाच वर्षांनी, १८२८ मध्ये, पुण्यातील मोरो रघुनाथ या चौदा वर्षांच्या मुलाचे प्रकरण मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टापुढे आले. तो पांडुरंग रामचंद्र या वडीलधाऱ्या नातलगाच्या ताब्यात होता, आणि त्याला बेकायदा अडकवून ठेवले आहे अशी तक्रार होती. मुलाला हजर करा, असा आदेश कोर्टाने काढला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो पुण्यात बजावू देण्यास नकार दिला. पुणे मुंबईच्या कोर्टाच्या हद्दीत नाही, तेथील सरदार घराण्यांना असे आदेश धाडले तर राज्यकारभार कसा चालेल, अशी सरकारची भूमिका. न्यायाधीश सर जॉन पीटर ग्रँट यांनी, माझा आदेश पाळला जाणार नसेल तर न्यायालय चालविण्यात अर्थ नाही, अशी भूमिका घेतली आणि एप्रिल १८२९ मध्ये न्यायालयाचे कामकाजच बंद केले. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. निर्णय सरकारच्या बाजूने लागला. मुंबईच्या हद्दीबाहेरील एतद्देशीय माणसांपर्यंत त्या कोर्टाचा हात पोहोचत नाही, असे ठरले.

मुंबई आणि पुणे यांत घाट एकच, पण त्या घाटाच्या एका बाजूला प्रश्न विचारता येत होता आणि दुसऱ्या बाजूला नाही. हक्काला हद्द असते, हे या प्रकरणाने शिकविले. आपण पेडण्याची माणसे ही गोष्ट पुस्तकाशिवायही जाणतो.

येथून पत्रादेवी किती दूर आहे हे मी आपल्याला सांगावयास नको. १५ ऑगस्ट १९५५ रोजी तेथे निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडण्यात आल्या. त्याच्या आदल्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५४ रोजी, आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने याच तालुक्यातील तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकविला आणि पकडली गेली. त्याही आधी, १९४६ मध्ये, त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना लष्करी न्यायाधिकरणाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावून पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडले होते. वास्तविक हेबियस कॉर्पसचा हक्क पोर्तुगालच्या १९११ च्या संविधानात छापलेला होता. सालाझारच्या राजवटीतील गोमंतकीय राजकीय कैद्याला त्या छापील ओळीचा काडीचाही आधार झाला नाही.

माझे बालपण या राजवटीच्या अखेरच्या वर्षांत गेले. त्या काळाची माझी सर्वांत ठळक आठवण मारहाणीची नाही, ती अज्ञानाची आहे. शेजारच्या घरातील कर्त्या पुरुषाला रात्री नेले. कोठे नेले, हे घरात कोणाला ठाऊक नव्हते. त्याची आई एका चौकीवरून दुसऱ्या चौकीवर जाई आणि ‘येथे नाही’ एवढेच ऐकून परत येई. ‘का नेले’ हे विचारण्याचे तिच्या मनातही येत नसे. ‘कोठे आहे’ एवढेच ती विचारी. तिसऱ्या आठवड्यात तो परतला, तेव्हाही कोणी कारण विचारले नाही. कारण विचारता येते, ही कल्पनाच त्या घराला नव्हती. माणूस हिरावला जातो हे दुःख मोठे खरेच, पण त्याबद्दल कोणाला जाब विचारता येतो याची जाणीवही हिरावली जाते, हे त्याहून मोठे दुःख होय.

आता एका माणसाची हकीकत सांगतो. तिच्यात माझ्या आजच्या प्रतिपादनाचा गाभा आहे. मधु लिमये हे पुण्याचे. १९५५ च्या जुलैत गोव्यात सत्याग्रहासाठी शिरले, पकडले गेले, आणि डिसेंबरात पोर्तुगीज लष्करी न्यायाधिकरणाने त्यांना बारा वर्षांची सक्तमजुरी दिली. त्यांनी बचाव केला नाही, अपीलही केले नाही. ज्या सत्तेचा अधिकारच आपल्याला मान्य नाही, तिच्या न्यायपीठापुढे दाद कशासाठी मागायची? सुमारे एकोणीस महिन्यांच्या बंदिवासानंतर १९५७ मध्ये ते सुटले. ही सुटका न्यायालयाच्या निवाड्याने झाली नाही, राज्यकर्त्यांच्या मर्जीने झाली. मर्जीने मिळालेले स्वातंत्र्य मर्जीने परतही घेता येते.

पुढे लिमये बिहारमधील मोंघीर मतदारसंघातून लोकसभेवर गेले. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी लखीसराय रेल्वे स्थानकावर त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना अटक झाली. अटकेचे कारण काय, असे विचारता ‘जामीनपात्र कलमांखाली’ एवढेच मोघम उत्तर मिळाले. त्याच दिवशी लिमये यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. मुद्रांक, शपथपत्र, ठरावीक मसुदा यांपैकी काही त्यात नव्हते. आम्हांला अटक झाली आहे आणि कारणे सांगितलेली नाहीत, हा त्याचा आशय. न्यायालयाने ते पत्र संविधानाच्या ३२ व्या अनुच्छेदाखालील याचिका मानले. अटक झालेल्यास शक्य तितक्या लवकर कारणे कळविली पाहिजेत, हा २२ व्या अनुच्छेदाचा दंडक मोडला गेला, असे ठरले. दंडाधिकाऱ्याने कोठडी वाढविली होती, त्याचे काय? ते आदेश यांत्रिकपणे दिलेले होते, मूळचा दोष त्यांनी धुऊन निघत नाही, असे न्यायालयाने म्हटले. डिसेंबरात, म्हणजे दीड महिन्याच्या आत, लिमये व त्यांचे सहकारी मुक्त झाले.

गोव्यात ज्याने बारा वर्षांची शिक्षा ऐकूनही एक ओळ लिहिली नाही, त्याच माणसाने बिहारात अटकेचा दिवस मावळण्यापूर्वी लेखणी उचलली. माणूस तोच, स्वभावही तोच. बदलले होते ते एवढेच, की आता पत्राला उत्तर देण्यास बांधलेले न्यायालय अस्तित्वात होते. स्वातंत्र्य म्हणजे काय, असे मला विद्यार्थ्यांनी विचारले तर मी या दोन प्रसंगांतील अंतर दाखवीन.

या हक्कात भाषेला किती महत्त्व आहे याची दोन उदाहरणे देण्याचा मोह मला, मराठीचा शिक्षक म्हणून, आवरत नाही. गोवा मुक्त होऊन महिना लोटला होता, तेव्हा, जानेवारी १९६२ मध्ये, नागपूरच्या एका स्थानबद्धाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढले. त्याला स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत दिली होती. इंग्रजी येत नाही, हिंदीत द्या, असे त्याने कळविले. इंग्रजी ही अद्याप राजभाषा आहे, शिवाय अधिकाऱ्याने तोंडी समजावून सांगितले आहे, असे सरकारचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. माणसाला कळेल अशा भाषेत कारण दिले नाही तर ते दिलेच नाही, असा निकालाचा आशय आणि स्थानबद्धाची सुटका. हाच धागा २०२५ साली महाराष्ट्रातूनच आलेल्या एका फौजदारी प्रकरणात पुढे गेला. अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट केले.

दुसरे उदाहरण प्रभाकर संझगिरी यांचे. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असताना त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानविषयक मराठी पुस्तक लिहिले. हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर धाडण्याची परवानगी सरकारने नाकारली. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. सरकारचे अपील सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९६५ मध्ये फेटाळले. ही सुटकेची याचिका नव्हती. संझगिरी आतच होते. परंतु देह अडकविण्याचा अधिकार मिळाला म्हणून त्या माणसाचे सारेच हक्क आपोआप सरकारजमा होत नाहीत, प्रत्येक बंधनाला स्वतंत्र आधार दाखवावा लागतो, हे तत्त्व एका मराठी हस्तलिखिताने देशाला मिळवून दिले. आपल्या वाङ्मयेतिहासात या पुस्तकाची नोंद व्हावी, असे मला वाटते.

येथवरची कथा चढती आहे. पण ती अर्धवट सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली. २७ जूनच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने १४, २१ व २२ या अनुच्छेदांखाली न्यायालयात दाद मागण्याचा हक्क तहकूब झाला. मधु लिमये पुन्हा तुरुंगात गेले, या वेळी मध्य प्रदेशात. ज्यांच्या अध्यक्षतेखाली १९७५ साली कराडचे साहित्य संमेलन झाले त्या दुर्गाबाई भागवतांनाही १९७६ मध्ये अटक झाली. देशातील नऊ उच्च न्यायालयांनी, आणीबाणीतही स्थानबद्धतेचा आधार तपासता येईल, असे म्हटले. त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. मूळ प्रकरण मध्य प्रदेशातील जबलपूरचे. स्थानबद्धांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत सासवडचे वि. म. तारकुंडे होते. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर उपाय काय, असे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विचारले, तेव्हा आणीबाणी असेतो काही उपाय नाही, असे उत्तर सरकारी बाजूने आले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मताने सरकार जिंकले. ते एक मत खन्ना यांचे. पुढच्याच वर्षी त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्यास देण्यात आले.

बहुमतातील एक न्यायमूर्ती आपले मराठी, यशवंत विष्णू चंद्रचूड होते. इतिहास मात्र माणसाला एकाच पानावर बांधून ठेवीत नाही. १९८३ मध्ये, सरन्यायाधीश असताना, त्यांच्यापुढे बिहारमधील एका कैद्याची बंदीप्रत्यक्षीकरणाची याचिका आली. तो १९६८ साली निर्दोष सुटला होता आणि तरीही १९८२ पर्यंत तुरुंगातच होता. चौदा वर्षे! केवळ सुटका पुरेशी नाही, राज्याने भरपाई दिली पाहिजे, असा निर्णय त्यांनी दिला. भरपाईची रक्कम अल्प होती, पण तत्त्व मोठे होते. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा २१ वा अनुच्छेद आणीबाणीतही तहकूब करता येणार नाही, अशी तरतूद केली. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चा तो निकाल रद्दबातल ठरविला. त्या निकालपत्रांपैकी एक यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. पित्याचे मत पुत्राने खोडले. परंतु त्या दरम्यान एकेचाळीस वर्षे गेली होती, आणि ज्यांची रात्र १९७६ साली तुरुंगात गेली त्यांना २०१७ ची पहाट काय कामाची? म्हणून न्यायालय आहे एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. प्रश्न विचारण्याची सवय समाजालाच राखावी लागते.

आता आपल्यापुरते बोलू. १९८२ साली पणजीत मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले. आज ते पर्वरीला आहे. २२६ व्या अनुच्छेदाखाली तेथे ही याचिका करता येते. अटक झालेल्यास, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही अटकेची कारणे सांगणे व नातलगाला वा मित्राला कळविणे पोलिसांवर बंधनकारक केले आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेला चोवीस तासांचा नियम लागू नाही, हा आपल्या संविधानातील कठोर अपवाद होय. म्हणूनच अशा स्थानबद्धतेत कारणांची तपासणी अधिक काटेकोर व्हावी लागते. दंडाधिकाऱ्याने विचारपूर्वक व कायदेशीरपणे कोठडी दिली असेल तर मात्र सामान्यतः ही याचिका चालत नाही, जामिनाचा मार्ग धरावा लागतो. हा आदेश गुन्हा झाला की नाही ते ठरवीत नाही. आधार आहे की नाही एवढेच पाहतो.

किल्ली नेहमी सरकारच्याच हाती असते असेही नाही. सज्ञान मुलीने आपल्या इच्छेने विवाह केला म्हणून तिला घरात कोंडले, तर तिच्यासाठीही हा आदेश निघतो. उलट, मुलगी ‘बेपत्ता’ आहे असे सांगून आईवडीलच अशी याचिका करतात. न्यायालय तिला समोर उभी करते आणि तिलाच विचारते, ‘तुला कोठे जायचे आहे?’ तिचे उत्तर तेच अखेरचे असावयास हवे. केरळच्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाने अशा याचिकेत सज्ञान स्त्रीचा विवाहच रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो निर्णय फिरविला. मातापित्यांची माया खरी असते, पण मायेलाही कोंडण्याचा अधिकार नाही.

हा प्रश्न विचारणार कोण? जो आत आहे त्याच्या हाती बहुधा कागद नसतो. म्हणून त्याच्या वतीने आई, भाऊ, मित्र, कोणीही दाद मागू शकतो. १९७९ मध्ये तर दिल्लीच्या एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाविषयी न्यायमूर्तींना लिहिलेले पत्रच याचिका मानले गेले. कोठडीतील माणसाला विनामूल्य विधिसाहाय्याचा हक्कही १९८७ च्या कायद्याने दिला आहे. वकील नंतर मिळेल. पहिला कागद मात्र घरच्यांनी वा शेजाऱ्यांनीच लिहावयाचा असतो. त्यात काय हवे? माणसाचे नाव. कोणी नेले, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोठून. कोठे ठेवल्याचा अंदाज आहे. कारण सांगितले का, कोणत्या भाषेत सांगितले. दंडाधिकाऱ्यापुढे नेले का. सारा मजकूर एका पानात मावतो. त्यात विशेषणांची गरज नाही. आक्रोशाने याचिका बळकट होत नाही. वेळ आणि ठिकाण अचूक असेल तर होते.

विद्यार्थिमित्रहो, मराठीच्या प्रश्नपत्रिकेत अर्जलेखनाचा प्रश्न असतो. निबंधात प्रतिभा दाखविता येते, रसग्रहणात रसिकता. अर्ज मात्र रुक्ष म्हणून तुम्ही तो शेवटी उरकता, आणि आम्ही शिक्षकही तो उरकूनच शिकवितो. ‘दाद’ या फारसी शब्दाचा मूळ अर्थ न्याय. कवितेला आपण दाद देतो आणि न्यायालयाकडे दाद मागतो, तेव्हा शब्द तोच असतो. ज्या भाषेत आपण दाद देतो त्याच भाषेत नेमकेपणाने दाद मागताही आली पाहिजे. या पठारावर आता विमाने उतरतात. २०२२ साली येथील विमानतळाचे उद्घाटन झाले. तुमच्यापैकी बरेच जण दूरदेशी जातील. जेथे जाल तेथे एखाद्या रात्री कोणीतरी घाबऱ्या घाबऱ्या येऊन सांगेल, ‘त्याला नेला, कोठे नेला ठाऊक नाही.’ त्या वेळी हळहळू नका. कागद घ्या, तारीख घाला, वेळ लिहा आणि विचारा, ‘कोणत्या आधाराने?’ ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो त्या शिक्षकांच्या पिढीने या सीमेवरच्या मुलखात अक्षर आणले, ते अशा वेळी हात थरथरू नये म्हणूनच.